निरोपांचा सेतु

आमच्या गांवाला दोन नांवें आहेत. नगरपरिषदेच्या पाटीवर तें बल्लारपूर असतें, आणि रेल्वेच्या तिकिटावर बल्लारशाह. गोंड राजांची राजधानी एके काळीं येथें वर्धा नदीच्या कांठीं होती. पुढें ती चंद्रपुरास गेली. किल्ला व राजाचें नांव तेवढें मागें राहिलें, आणि तें नांव गांवानें एका परीनें व रेल्वेनें दुसऱ्या परीनें जपलें. परगांवचा पाहुणा क्वचित् घोटाळ्यांत पडतो, पण आम्हांस ह्या दोन नांवांचा जाच कधीं वाटला नाहीं. कारण दोहोंचा अर्थ एकच गांव, हें येथल्या लहान मुलासहि ठाऊक असतें. एका वस्तूला दोन ठिकाणीं दोन नांवें असलीं तरी बिघडत नाहीं. त्यांचा मेळ कोणाच्या तरी डोक्यांत पक्का असला म्हणजे झालें. परंतु हाच मेळ माणसाच्या डोक्यांतून काढून एखाद्या यंत्राच्या वहींत ठेवला, आणि ती वही ऐन वेळीं चुकली, तर काय होतें, हें गेल्या कांहीं वर्षांत आमच्या घरानें पाहिलें. त्यासंबंधीं आमच्या मनांत जे विचार आले ते वाचकांपुढें ठेवावे, असें वाटतें.

आमच्या वडिलांच्या पिढींत घरीं निरोप येण्याच्या वाटा थोड्या होत्या. टपालवाला येई, फारच निकडीचें असेल तर तार येई. तारेचें दार २०१३ सालच्या जुलै महिन्यांत कायमचें बंद झालें. आज वाटांना तोटा नाहीं. उलट त्या इतक्या झाल्या आहेत कीं कोण कोणत्या वाटेवर भेटेल ह्याची यादी मनांत ठेवावी लागते. आमचेंच घर घ्या. बल्लारपुरांतील आम्ही सर्व मंडळी एका निरोप-सेवेवर आहों, कारण दूधवाला, शाळा, औषधांचें दुकान व भजनी मंडळ हीं सारीं तेथेंच आहेत. धाकटे बंधु नोकरीनिमित्त हैदराबादेस असतात. त्यांच्या कचेरीचा सारा व्यवहार दुसऱ्या सेवेवर चालतो, आणि तेवढ्या एकीवरच त्यांचें लक्ष असतें. पुतणी शिक्षणासाठीं जर्मनींत आहे. आपण कोणाशीं व केव्हां बोललों ह्याची नोंद कोणा कंपनीजवळ असूं नये असें तिचें ठाम मत असल्यामुळें तिनें तिसरीच सेवा धरली आहे. तिघांच्याहि खिशांत यंत्र सारखेंच. पण एका सेवेचा निरोप दुसरीच्या दारांत उभाहि राहत नाहीं. एकाच कुटुंबाचीं अशीं तीन बिऱ्हाडें झालीं होतीं.

ह्यावर तोड काढली आमच्या भाच्यानें. तो पुण्यास संगणकाचें काम करतो. घरांतील एक जुना संगणक त्यानें चोवीस तास चालूं ठेवला, आणि तिन्ही सेवांमध्यें एक सेतु बांधला. ह्या सेतूची युक्ति ऐकावयास सोपी आहे. तिन्ही सेवांत त्या संगणकाच्या नांवानें एकेक खातें उघडलेलें असतें. आम्हीं इकडे कांहीं लिहिलें कीं तो संगणक तें वाचतो, आणि दुसऱ्या दोन सेवांत जाऊन ‘अमुक असें म्हणतात’ म्हणून सांगतो. तिकडून कोणी बोललें कीं तेंच उलट दिशेनें करतो. पूर्वीं दोन घरांत अबोला असला म्हणजे मधला मुलगा इकडचें तिकडे सांगत असे. त्यांतलाच हा प्रकार, एवढेंच कीं हा मुलगा झोपत नाहीं.

पहिले कांहीं महिने घरांत मोठा आनंद होता. हैदराबादच्या वहिनींनीं सांबारवडीची कृति विचारावी, बल्लारपुराहून ती सांगितली जावी, आणि दुसऱ्या दिवशीं जर्मनींतून पुतणीनें आपल्या फसलेल्या वड्यांचें छायाचित्र पाठवावें, असें नित्य चालूं लागलें. लहानसहान खोड्या तेव्हांहि दिसत होत्या. कोणाच्या प्रश्नाला कोणाचें उत्तर, हें सेतु ओलांडतांना कित्येकदां सुटून जाई, व मावशींच्या प्रकृतीच्या चौकशीखालीं क्रिकेटच्या सामन्याचा निकाल येऊन बसे. ध्वनिमुद्रित निरोप एकीकडे ऐकूं येई, दुसरीकडे नुसती एक बंद पेटी दिसे. सेतु सर्वांचें बोलणें एकाच नांवानें सांगत असल्यामुळें आरंभीं आरंभीं आत्याबाईंना असें वाटे कीं भाचाच सर्वांच्या वतीनें बोलतो आहे. पण घर एकत्र आलें होतें, आणि त्या सुखापुढें ह्या गोष्टींची कोणी मोजदाद ठेवली नाहीं.

पुढें एका हिंवाळ्यांत आमच्या थोरल्या मावशी वारल्या. रात्रीं एकच्या सुमारास प्राण गेला. दोन वाजतां त्यांच्या मुलानें कुटुंबाच्या ग्रुपवर कळविलें कीं अंत्यविधि सकाळीं दहा वाजतां आहे. लगेच घरांतील वडीलधाऱ्यांनीं म्हटलें कीं हैदराबादचा मुलगा आल्याशिवाय निघूं नये; तो शाळेच्या वयांत दोन वर्षें मावशींच्याच घरीं राहिलेला, त्यांच्याच हातचें जेवलेला. म्हणून दहा मिनिटांच्या आंत त्या मुलानें तोच निरोप उघडून ‘सकाळीं दहा’ पुसलें व ‘दुपारीं चार’ असें केलें. लिहिलेला निरोप थोड्या वेळांत दुरुस्त करण्याची सोय हल्लीं बहुतेक सेवांत असते. निरोप पोहोंचल्याची खूण उमटली. सर्वांना वाटलें, काम झालें.

सेतूवरून पहिला निरोप पलीकडे गेला होता. दुरुस्ती गेली नाहीं. धाकट्या बंधूंनीं पहांटे सहा वाजतां डोळे उघडले तेव्हां त्यांच्यापुढें ‘सकाळीं दहा’ हेच शब्द होते. हैदराबादेहून चार तासांत बल्लारपूर गांठणें अशक्य. त्यांनीं दोनदां दूरध्वनि केला. पण मृत्यूच्या घरांत त्या वेळीं कोणाचाच फोन कोणाच्या हातीं नव्हता. विधीची तयारी चालली असावी, असें समजून त्यांनीं स्नान केलें व मावशींच्या तसबिरीपुढें दिवा लावून ते बसून राहिले. इकडे बल्लारपुरांत चार वाजेपर्यंत त्यांची वाट पाहिली. चाराचे साडेचार झाले. हिंवाळ्यांतलें ऊन उतरूं लागलें, तेव्हां मावशींना उचललें. ‘निरोप पोहोंचलेला दिसतो आहे, निघाला असेल, वाटेंत असेल,’ असें जो तो म्हणत होता. ती पोहोंचल्याची खूण बंधूंच्या फोनची नव्हती, पुण्याच्या संगणकाची होती, हें त्या घोळक्यांत कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें.

त्यानंतरचे बारा दिवस कसे गेले तें सांगण्याजोगें नाहीं. इकडच्यांच्या मनांत, मावशींनीं ज्याला वाढविलें तो आला नाहीं. तिकडच्याच्या मनांत, आपल्यासाठीं कोणी सहा तास थांबलें नाहीं. दोघांनींहि तोंडानें कांहीं म्हटलें नाहीं, म्हणून तें अधिकच साचलें. तेराव्याला बंधु आले. ओसरीवर कोणीतरी आडून बोललें, त्यांनीं तें ऐकलें, आणि मग भाच्यानें दोन फोन सतरंजीवर शेजारीं शेजारीं ठेवले. एकावर ‘दुपारीं चार’, दुसऱ्यावर ‘सकाळीं दहा’. दोन्हीं निरोपांवर वेळ तीच, लिहिणारा तोच. कोणी खोटें बोललें नव्हतें, कोणी उशीर केला नव्हता. गैरसमज त्या क्षणीं मिटला. पण खांदा द्यावयाचा राहिला तो राहिलाच.

असें कां झालें, हें आम्हीं भाच्याकडून नीट समजावून घेतलें. त्याचें सांगणें असें: प्रत्येक सेवा आपल्याकडील प्रत्येक निरोपाला स्वतःचा एक क्रमांक देते. एकीचा क्रमांक दुसरीला कळत नाहीं. म्हणून सेतूला एक जोडवही ठेवावी लागते: इकडचा अमुक निरोप म्हणजे तिकडचा तमुक. जेव्हां ‘तो निरोप बदला’ किंवा ‘तो निरोप पुसा’ अशी आज्ञा येते, तेव्हां सेतु ह्या वहींत जोड शोधतो, आणि सांपडला तरच पलीकडे बदल करतो. त्या रात्रीं वहींत तो जोड नव्हता. नवा शब्द पलीकडे नेणें सोपें आहे. पूर्वीं बोललेला शब्द परत घेणें कठीण आहे. शब्द नेण्यास धांवणारा पुरतो. शब्द मागें घेण्यास दोन्ही घरच्या आठवणी एक असाव्या लागतात.

ह्या एका वाक्यांत आम्हांस सर्व प्रकरणाचें मर्म दिसतें, आणि तें आमच्या गांवच्या इतिहासांतहि लिहिलेलें आहे. १९२९ सालीं काझीपेठ-बल्लारशाह हा लोहमार्गाचा जोड पुरा झाला, आणि दिल्लीहून मद्रासेस जाणारी सरळ वाट उघडली. उत्तरेची वाट ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, दक्षिणेची निजामाच्या रेल्वेची. मालक दोन, राज्यें दोन. पण दोन रुळांमधील अंतर दोहों बाजूंस सारखें, १६७६ मिलिमीटर. म्हणून डबा एका हद्दींतून दुसऱ्या हद्दींत तसाच जाई. आजहि येथें मध्य रेल्वेची हद्द संपते व दक्षिण-मध्य रेल्वेची सुरू होते. गाडींत झोंपलेल्या उतारूस त्याची वार्ताहि नसते. परंतु ह्याच मुलुखांत गोंदियाहून नागभीडमार्गें चांदा फोर्टकडे येणारी दुसरी वाट होती. तिच्या रुळांतलें अंतर अवघें ७६२ मिलिमीटर. अरुंद वाटेचा डबा रुंद वाटेवर चालत नाहीं. माल पुढें न्यावयाचा तर तो उतरवून, हमालांच्या पाठीवरून, दुसऱ्या डब्यांत भरावा लागतो. त्यांत कांहीं सांडतें, कांहीं मोडतें, आणि मोजणी दोनदां करावी लागते. पुढें ती वाटहि रुंद झाली. आमच्या भाच्याचा सेतु म्हणजे ह्या दोन प्रकारच्या रुळांमधला हमाल होता. हमालाचा त्यांत दोष नाहीं. दोष असलाच तर रुळांच्या अंतरांत आहे.

टपालाचीहि गोष्ट अशीच आहे. नदीपलीकडचें राजुरा आज चंद्रपूर जिल्ह्यांत आहे. तेव्हां तें निजामाच्या राज्यांत होतें. निजामाचें टपालखातें स्वतंत्र, १८६९ पासून तिकिटेंहि स्वतंत्र. पण तीं तिकिटें संस्थानच्या हद्दींतच चालत. हद्दीबाहेर पत्र जावयाचें तर त्याला इंग्रजी अंमलाचें तिकीट लागे. उलट पतियाळा, ग्वाल्हेर अशा कांहीं संस्थानांनीं १८८४-८५ च्या सुमारास इंग्रज सरकारच्या टपालखात्याशीं करार केले, आणि त्यांचीं तिकिटें सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत चालूं लागलीं. कागद तोच, डिंक तोच, टपालवाल्याची झोळी तीच. जें पत्र गेलें तें कराराच्या जोरावर गेलें, आणि जें अडलें तें करार नव्हता म्हणून अडलें. वर्धेचें पात्र ह्या आडकाठीस कारण नव्हतें. पुढें १९५० सालीं निजामाचें टपालखातें भारताच्या टपालखात्यांत मिळालें, आणि दोन कांठांचा हा भेद नाहींसा झाला.

साऱ्या जगाच्या टपालानें हाच धडा त्याआधीं गिरविला होता. १८७४ सालीं बर्न शहरीं राष्ट्रांनीं एकत्र येऊन टपालाचा करार केला. हिंदुस्थान त्यांत १८७६ सालीं सामील झाला. तेव्हांपासून येथें तिकीट लावलेलें पत्र परदेशांतील दारापर्यंत कोणीहि पुन्हां तिकीट न मागतां पोहोंचवितो. तारायंत्राचें तर त्याहून बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्स व बाडेन ह्यांच्या सीमेवर, स्ट्रासबुर्ग येथें, दोन्ही राज्यांचे कारकून एकाच कचेरींत बसत. पॅरिसहून आलेली तार फ्रेंच कारकून कागदावर उतरून घेई, मेजावरून पलीकडे देई, आणि बाडेनचा कारकून ती पुन्हां आपल्या तारेवरून पुढें पाठवी. विजेच्या वेगानें आलेला निरोप एका मेजापाशीं येऊन माणसाच्या वेगानें चाले. १८६५ सालीं पॅरिस येथें वीस राष्ट्रांचा करार झाल्यावर ह्या मेजांची गरज हळूहळू सरली.

ह्या मेजाकडे वाचकांनीं थोडें थांबून पाहावें, अशी आमची विनंति आहे. कारण तेथें आणखी एक गोष्ट घडत असे. तार मेजावरून जातांना उघडी असे. दोन कारकून ती वाचत. आजच्या सेतूंतहि नेमकें हेंच होतें. व्हॉट्सॲपनें २०१६ सालीं आपले सर्व निरोप कुलूपबंद केले; पाठविणारा व घेणारा ह्यांशिवाय ते कोणासहि, खुद्द कंपनीसहि, वाचतां येत नाहींत. हें कुलूप सिग्नल ह्या सेवेच्या कर्त्यांनीं घडविलेलें आहे. म्हणजे दोन्ही घरांचें कुलूप एकाच लोहाराचें. तरीहि एकाची किल्ली दुसऱ्यास लागत नाहीं, कारण दोघांमध्यें करार नाहीं. तेव्हां मधल्या सेतूला एका घरचें कुलूप उघडावें लागतें, निरोप वाचावा लागतो, आणि दुसऱ्या घरचें कुलूप लावून तो पुढें द्यावा लागतो. त्या क्षणीं सारें घरगुती बोलणें सेतु चालविणाऱ्याच्या मेजावर उघडें पडलेलें असतें. शिवाय पलीकडची सेवा जर निरोप कुलपांत ठेवणारी नसेल, तर इकडच्या कुलपाचा उपयोग तेथेंच संपला.

आमच्या पुतणीला हें समजलें तेव्हां ती सेतूवरून बाहेर पडली. भाच्यावर तिचा अविश्वास नव्हता. ती म्हणाली, ‘दादानें माझें पत्र वाचलें तर मला राग येणार नाहीं; पण वाचूं शकेल अशा ठिकाणीं मी पत्र टाकतें आहे, हें मला आधीं कोणी सांगितलें नव्हतें.’ तिचें म्हणणें आम्हांस न्याय्य वाटतें. पूर्वीं निरक्षर आईचें पत्र गांवांतील मास्तर लिहून देत व आलेलें वाचून दाखवीत. तेथेंहि तिसरा मनुष्य मध्यें होताच. पण तो कोण आहे हें आई जाणून असे, आणि कोणती गोष्ट मास्तरांपुढें बोलूं नये हेंहि तिला ठाऊक असे. मधला मनुष्य असणें ही विपत्ति नव्हे. तो आहे हें ठाऊक नसणें ही विपत्ति.

मग कोणी विचारील कीं, कंपन्या आपापसांत करार कां करीत नाहींत? ह्याचें उत्तर मागच्या पंचवीस-तीस वर्षांच्या हकीकतींत आहे. १९९९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या नव्या निरोप-सेवेंतून ए. ओ. एल. कंपनीच्या लोकांशीं बोलण्याची सोय केली. ए. ओ. एल.नें ती बंद पाडली, मायक्रोसॉफ्टनें पुन्हां उघडली, असा खेळ कांहीं महिने चालला, आणि शेवटीं मायक्रोसॉफ्टनें नाद सोडला. त्याच वर्षीं जॅबर नांवाची खुली पद्धति निघाली. तिच्यांत कोणासहि आपला संगणक जोडतां येई, आणि इतर सेवांकडे जाणारे सेतुहि तेव्हांच बांधले गेले. गूगलनें आपली निरोप-सेवा ह्याच खुल्या पद्धतीवर २००५ सालीं काढली, २००६ सालीं ती इतरांस जोडली, आणि २०१३ सालीं नवी सेवा आणतांना तो मार्ग सोडून दिला. २०२३ सालच्या डिसेंबरांत बीपर ह्या छोट्या कंपनीनें अँड्रॉइड फोनवरून ॲपलच्या निरोप-सेवेंत बोलण्याची युक्ति काढली. थोड्याच दिवसांत ॲपलनें ती अडविली. २०१४ पासून मॅट्रिक्स ह्या खुल्या पद्धतीचे लोक अनेक सेवांकडे सेतु बांधीत आले आहेत. पण जेथें पलीकडच्या कांठाची संमति नाहीं, तेथें सेतु बांधणाऱ्याला रोज सकाळीं उठून पाहावें लागतें कीं रात्रींत पलीकडचा खांब हालला तर नाहीं. पावसाळ्यांत वर्धेला पूर आला म्हणजे बल्लारपूर-राजुरा रस्ता जसा एका रात्रींत बंद होतो, तसेंच हें आहे. फरक एवढाच कीं पूर ओसरतो.

कंपन्यांचें म्हणणेंहि अगदींच टाकाऊ नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. दार सर्वांस उघडें केलें कीं ठक व जाहिरातवालेहि त्याच दारानें येतात. दुसऱ्याच्या ढिल्या कुलपाचें पाप आपल्या माथीं येतें. हें सारें खरें आहे. परंतु ज्याच्या घरीं सर्व गांव आधींच येऊन बसला आहे, त्याला दुसरें दार नको असण्याचें आणखी एक कारण असतें, आणि तें कारण तो बोलून दाखवीत नाहीं.

म्हणून युरोपांत ही गोष्ट कंपन्यांच्या मर्जीवर न ठेवतां कायद्यानें ठरविली. तेथील २०२२ च्या डिजिटल बाजारपेठांच्या कायद्यान्वयें मोठ्या निरोप-सेवांनीं, इतर सेवांनीं मागणी केल्यास, आपलें दार उघडलें पाहिजे, आणि कुलपाची सुरक्षितताहि राखली पाहिजे. व्हॉट्सॲपवर हें बंधन २०२४ च्या मार्चपासून आलें. आधीं दोघांतलें बोलणें, मग ग्रुप, आणि शेवटीं ध्वनि-चित्रांचे दूरध्वनि, अशी पायरीपायरीनें मुदत आहे. २०२५ च्या नोव्हेंबरांत बर्डीचॅट व हायकेट ह्या दोन लहान सेवांशीं जोड सुरू होत असल्याचें जाहीर झालें. पण सिग्नल व थ्रीमा ह्यांनीं, अशा जोडण्यानें आपल्या लोकांची गुप्तता उणी होईल म्हणून, त्यांत येण्याची इच्छा दाखविली नाहीं. म्हणजे कायद्यानें दार उघडतें. पलीकडच्यानें उंबरा ओलांडावा कीं नाहीं हें विश्वासावर राहतें. आमच्या पुतणीची व ह्या दोन सेवांची अडचण एकच आहे.

आपल्या देशांत हा प्रश्न अशक्य कोटींतला आहे असें मानण्याचें कारण नाहीं. बल्लारशाह स्थानकाबाहेरच्या चहावाल्याला आम्ही ज्या ॲपमधून दहा रुपये देतों, तेंच ॲप त्याच्याजवळ असावें लागत नाहीं. आमची बँक एक, त्याची दुसरी. आमचें ॲप एक, त्याचें दुसरें. तरी चहा थंड होण्याच्या आंत पैसे पोहोंचतात, आणि पोहोंचले ही वर्दी खुद्द त्याच्याच खात्याकडून येते. २०१६ सालीं सुरू झालेल्या यू. पी. आय. पद्धतीनें हें साधलें, कारण सर्व बँकांनीं एक नियम मान्य केला. चेन्नईच्या झोहो कंपनीच्या अरट्टै ह्या सेवेकडे २०२५ सालीं पुष्कळ लोक वळले, तेव्हां निरोपांच्या सेवाहि यू. पी. आय.सारख्या एकमेकींस जोडल्या जाव्यात, असा विचार तिच्या चालकांनींच बोलून दाखविला होता. ज्या देशांत दहा रुपये सुखरूप नदी ओलांडतात, तेथें ‘दुपारीं चार’ हे दोन शब्द ओलांडूं शकत नाहींत, ह्यांत आम्हांस कांहीं तरी उलटें झालेलें दिसतें. पैशाची मोजणी चुकली तर दाद मागतां येते; शब्दाची चुकली तर ती मागावयाची कोणापाशीं?

कित्येक मित्र म्हणतात कीं, एवढ्या खटाटोपापेक्षां सर्वांनीं एकच सेवा घ्यावी, म्हणजे सेतूच नको. हा उपाय सोपा दिसतो. पण आमच्या स्थानकावर मराठी, हिंदी, तेलुगु ह्या भाषा रोज कानीं पडतात, आणि थोडें रानाकडे गेलें कीं गोंडीहि ऐकूं येते. येथें कोणी असें म्हणत नाहीं कीं सर्वांनीं एकच भाषा बोलावी म्हणजे दुभाष्या नको. पुतणीनें आपलें मत सोडावें, बंधूंनीं आपली कचेरी सोडावी, आणि बल्लारपूरच्या दूधवाल्यानें आपला फोन बदलावा, ह्यापेक्षां दोन सेवांनीं एक नियम मानावा हें कमी कष्टाचें आहे. शिवाय सर्व गांवाला एकच दार असलें कीं त्या दाराच्या पहारेकऱ्यापुढें सर्वांस वांकावें लागतें.

तेव्हां सेतु हवा, हें आमचें मत त्या हिंवाळ्यानंतरहि बदललें नाहीं. मात्र तो कसा असावा ह्याविषयीं आमच्या तीन अपेक्षा झाल्या आहेत. पहिली ही कीं, जेथून बोललेला शब्द जातो तेथूनच मागें घेतलेला व दुरुस्त केलेला शब्दहि गेला पाहिजे. तें साधत नसेल तर सेतूनें तसें मोठ्यानें सांगितलें पाहिजे, गप्प बसतां कामा नये. दुसरी ही कीं, पोहोंचल्याची खूण माणसाची असेल तरच ती खूण म्हणून दाखवावी. यंत्राला पोहोंचलें म्हणजे भावाला पोहोंचलें, असें होत नाहीं. तिसरी ही कीं, मेजावर कोण बसला आहे व निरोप कोठें उघडला जातो, हें प्रत्येकास आधीं कळावें. ह्या तिन्ही अपेक्षा एका कांठावरून पुऱ्या होण्यासारख्या नाहींत. आमच्या भाच्याच्या बुद्धींत कांहीं उणें नाहीं, पण त्याच्याजवळ एकच कांठ आहे.

दोन्ही कांठांचा करार होईपर्यंत घरांत जी रीत पडली आहे ती सांगून आम्ही रजा घेतों. सेतु अजून चालूं आहे. सणवार, पाककृति, मुलांचे निकाल व गांवचा पाऊस त्यावरून जातात. लिहिलेली वेळ बदलली तर जुना निरोप कोणी पुसत नाहीं. खालीं नवा निरोप लिहून ‘आधींचा रद्द’ असें म्हणतात. पुतणीला आत्याबाई दर रविवारीं स्वतः तिच्याच सेवेवर लिहितात. त्यासाठीं त्या वयाच्या सत्तराव्या वर्षीं नवें ॲप शिकल्या आहेत. आणि जन्म, आजार किंवा मृत्यु ह्यांची वार्ता असली तर ग्रुपवर लिहून कोणी थांबत नाहीं. घरांतील एका माणसावर तें काम सोंपविलेलें असतें, आणि तो प्रत्येकास दूरध्वनि करून, पलीकडून ‘ऐकलें’ असा शब्द कानीं आल्यावरच, यादींतील त्या नांवापुढें पेन्सिलीनें खूण करतो.